पहिला नवरा कुठल्या पानावर?

गिरगावात मुगभाटातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, एका कुळाच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती तयार होते आहे. कुळाचं नाव सांगत नाही, कारण पुढे येणाऱ्या गोष्टी पुष्कळ घरांतून आहेत आणि कुणालाच त्या छापून यायला नको असतात. संपादक पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झालेले, ऐंशीला टेकलेले. मी मुद्रितं तपासायला जातो. त्या दुपारी त्यांची भाची लालबागहून आली होती. गिरणी कामगारांच्या वारसांची कागदपत्रं लावून देणाऱ्या एका वकिलाकडे ती काम करते. मामांना वंशावळ म्हणजे कुळाचा मान, आणि भाचीला ती म्हणजे फायलीत लावायचा एक कागद. जुंपणारच होती. ऐकलं ते जमेल तसं टिपून घेतलं.

भाची : मामा, ह्या पानावरच्या गृहस्थांच्या दोन्ही बायका छापल्यास. प्रथम भार्या, द्वितीय भार्या. दोघींची माहेरं, दोघींच्या वडिलांची नावं, पहिली कुठल्या साली वारली तेसुद्धा. मग समोरच्या पानावर दादरच्या मावशीचा एकच नवरा कसा? तिची दोन लग्नं झाली, तू दोन्हींना जेवून आलायस.

मामा : अगं, ती कुळातली मुलगी. मुलीची नोंद एका ओळीची. नाव, जन्मसाल, कुणाकडे दिली. पुढचं काय ते तिच्या सासरच्यांनी त्यांच्या पुस्तकात लिहावं.

भाची : कुठल्या सासरच्यांनी?

मामा : आत्ता जे आहे त्यांनी.

भाची : मग ह्या गृहस्थांची पण आत्ता होती तीच लिहायची.

मामा : ते वेगळं. पहिली सवाष्ण गेली. तिच्या नावानं अविधवा नवमीला अजून त्या घरात सवाष्ण जेवते. ती कुळात राहिलीच. घटस्फोट म्हणजे संबंध संपला. संपलेला संबंध मी कुळात कसा दाखवू?

भाची : माझ्याकडे येणाऱ्यांना असं म्हणून भागत नाही. १ जानेवारी १९८२ ला गिरणीच्या पटावर असलेला कामगार, म्हाडाच्या घरासाठी अर्ज केलेला, आणि आता तो हयात नाही. मुलं येतात. वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची. एक बाई गावाला, देवगड नाहीतर संगमेश्वरकडे. दुसरी इथे, परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत. कुठे पहिलीला रीतसर सोडलेलं असतं, कुठे नुसतंच विसरलेलं. पोरगा म्हणतो, मॅडम, ती गावची नको लिहायला, तिचा आमचा काही संबंध नाही. मी सांगते, बाबा, घटस्फोट झाला असेल तर तिला वाटा नाही, पण तिच्या पोरांना आहे. आणि झाला नसेल तर तुझ्या आईचं लग्नच कायद्यानं रद्दबातल. तरी तू औरस आहेस, हिंदू विवाह कायद्याच्या सोळाव्या कलमानं, बापाच्या मालमत्तेपुरता. म्हणजे कशीही फिरव गोष्ट, दोन्ही बायका कागदावर आल्याच पाहिजेत. मुलं टांगायची कशाला?

मामा : ते कोर्टाचं झालं. कुलवृत्तांत हा वारस दाखला नव्हे. मूळ गाव कोणतं, गोत्र, कुलदैवत, घराणी कुठून फुटली, कोण कोकणातून घाट चढून वर गेलं, कोण पेशवाईत चाकरीला लागलं, हे पुढच्यांना कळावं म्हणून ही पुस्तकं निघाली. पुरुषाचा धागा धरला की दोनअडीचशे वर्षं मागे जाता येतं. बाईचा धर बघू. दर पिढीला आडनाव बदलतं, घर बदलतं, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं की नावही बदलतं. कल्याणच्या जोश्यांची यमुना, तिची डॉक्टर आनंदीबाई झाली. कुर्लेकरांची यमुना, तिची रमाबाई रानडे झाली. दोन्ही यमुना लग्नाच्या मांडवात हरवल्या. शोधणाऱ्यानं शोधायचं कुठे?

भाची : माहेरचं नाव कंसात लिहिलं की हरवत नाही. लिहायचं राहिलं म्हणून शोधता येत नाही, आणि शोधता येत नाही म्हणून लिहायचं नाही. हे बरं आहे तुझं. आणि श्राद्धाला काय करतोस? महालयात भटजी फक्त बापाची बाजू विचारतात?

मामा थोडे गप्प झाले. ते दर वर्षी महालय करतात, यादी त्यांना तोंडपाठ. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. सावत्र आई. मग आईचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या बायका. पुढे बायको, मुलगी, बहीण, आत्या, मावशी, सासरे, गुरू. तिळाचं पाणी देताना जी माणसं कुळाची असतात, ती छापखान्यात जाताना अर्ध्यावर गळतात. हा माझा शेरा, भाचीचा नव्हे. मुद्रितं तपासताना हे डोळ्यांवर येतं. पहिल्या चार पिढ्यांत पुरुषांची नावं ओळीनं आहेत आणि भार्येच्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघा. खिळे जुळवण्याच्या काळात ह्या रेघा जुळाऱ्यानं हातानं बसवल्या असतील. आता संगणकावर एकच कळ दाबली की रकाना भरतो.

मामा : बरं, पणजीपर्यंतची नावं घालू. मान्य. माहेरं मिळतील तेवढी घालू. पण पहिला नवरा?

भाची : मुंबईतलंच उदाहरण घे. डॉक्टर रखमाबाई.

तिनं तपासून झालेलं एक मुद्रित उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढायला घेतली.

भाची : ही आई, जयंतीबाई. हा तिचा नवरा जनार्दन पांडुरंग. रखमाबाई १८६४ ची. ती दोनेक वर्षांची असताना हा गेला, आई तेव्हा सतरा वर्षांची. सुतार समाजात विधवेच्या लग्नाला आडकाठी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन राऊतांशी लग्न केलं. ग्रँट मेडिकलमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायचे, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांतले. आता तुझा नियम लाव. आत्ता असेल तो नवरा लिहायचा. पहिला खोडला की रखमाबाईला बापच नाही. दुसरा खोडला तर जिच्या मागे आपण आज राऊत लावतो ती राऊत झाली कशी, डॉक्टरकीच्या वाटेला लागली कशी, कळत नाही. आणि नवरा दादाजी भिकाजी हा सावत्र बापाचाच नातेवाईक. दुसऱ्या लग्नाची रेघ काढल्याशिवाय पहिल्या लग्नाची मुलगी ह्या घरात कशी दिली, हेसुद्धा कळत नाही.

मामा : मालमत्तेचं विसरलीस.

भाची : ते तू सांग, तुझा विषय.

मामा : १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा. बाईनं पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला, जणू ती त्या दिवशी मेलीच. कायद्यात तसंच लिहिलं होतं. जयंतीबाईंनी लग्नाआधी जनार्दनपंतांची मालमत्ता मुलीच्या नावावर केली. पुढे दादाजीनं रखमाबाईला नांदायला आणण्यासाठी दावा लावला, तेव्हा त्याचा डोळा ह्या मालमत्तेवर आहे असं बोललं गेलंच.

भाची : बघ! पहिला नवरा नसला तर खटलाच उभा राहत नाही.

मामा : थांब. आता माझी पाळी. तुझ्या ह्या आकृतीत रखमाबाईच्या शेजारी दादाजीला काय म्हणून लिहिणार?

भाची : पती.

मामा : लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची. ती त्याच्या घरी नांदायला गेलीच नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही म्हणाले, जबरदस्तीनं पाठवता येणार नाही. अपील झालं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन म्हणाले, जा, नाहीतर सहा महिने कैद. ती म्हणाली, कैद चालेल. इकडे टिळक आणि केसरी तिच्या विरोधात. शेवटी १८८८ मध्ये तडजोड, दादाजीनं दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमनामा गुंडाळून ठेवला. लोक सांगतात की राणी व्हिक्टोरियानं लग्न रद्द केलं. हिंदू लग्न मोडायला तेव्हा कायदाच नव्हता, राणी काय मोडणार? ह्यानं दुसरं लग्न केलं, ही लंडनला जाऊन डॉक्टर झाली, परत येऊन सुरतेला दवाखाना सांभाळला. तर आता सांग. पती? माजी पती? का हुकूमनाम्यातला पती?

भाची : लिहीन, विवाह १८७६, नांदणूक नाही, तडजोड १८८८.

मामा : आणि १९०४?

१९०४ मध्ये दादाजी वारला आणि रखमाबाईंनी पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नाला त्यांनी भर न्यायालयात नाकारलं, त्याचं वैधव्य पाळलं. असं का, ह्याचे तर्क अभ्यासकांनी पुष्कळ केले आहेत. मामा-भाचीनंही चहा येईपर्यंत केले, पण ते इथे देण्यासारखे नाहीत. दोघांपैकी कुणाचाच रकाना ह्या बाईला पुरला नाही, एवढं खरं.

मामा : मी म्हणतो ते एवढंच. ती बाई अख्ख्या हिंदुस्थानाला सांगत होती की हे लग्न मला मान्य नाही. आणि तू दीडशे वर्षांनी पेन्सिल घेऊन त्याला पुन्हा तिच्या शेजारी बसवतेस. हा तिचा मान झाला का?

भाची : त्याला पुसून टाकला तर तिनं केलं काय, तेच पुसलं जातं. बाया कर्व्यांचं बघ. अण्णांच्या पहिल्या बायको राधाबाई १८९१ मध्ये गेल्या, रघुनाथची आई म्हणून त्या सगळ्यांना माहीत. अण्णा कर्व्यांची दुसरी बायको ती बाया. आणि बायाचा पहिला नवरा? आठव्या वर्षी विधवा झालेली गोदूबाई नातू ती हीच. तो नातूंचा मुलगा जगला असता तर ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात आली नसती. चौपाटीजवळ, ११ मार्च १८८९ ला सदन उघडलं, आणि तिथे आलेली पहिली विधवा हीच. १८९३ मध्ये अण्णांशी लग्न झालं, मुरूडकरांनी वाळीत टाकलं. ह्या सगळ्याचं मूळ त्या पहिल्या लग्नात. पण अण्णांच्या दोन्ही बायका आपल्याला पाठ, आणि तिच्या पहिल्या नवऱ्याचं पाळण्यातलं नाव तुलाही सांगता येणार नाही.

मामा : नाही येणार. पण रघुनाथरावांचं ऐक. वंशावळीत त्यांच्यापुढे काय शेरा पडेल? निःसंतान. ज्या माणसानं १९२१ मध्ये ह्याच गिरगावात संततिनियमनाचं केंद्र काढलं, बायकोच्या संमतीनं ठरवून मूल होऊ दिलं नाही, विल्सन कॉलेजची नोकरी सोडली पण प्रचार सोडला नाही, त्याच्यापुढे आम्ही छापणार वंश खुंटला! रकान्याची मर्यादा मला कळत नाही असं समजू नकोस.

भाची : मग रकाना बदल. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये आनुवंशिक कॅन्सरच्या तपासणीला गेलेलास का कधी? मी वहिनीबरोबर गेले होते. तिथे पण कुळाचं झाड काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, घटस्फोट झाला असेल तर जोडणाऱ्या रेघेवर दोन तिरके छेद. आईच्या बाजूला कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर? आजीच्या बहिणींना? कोण किती वर्षांची होऊन गेली? वहिनीला आजीचं माहेरचं आडनाव आठवेना. तिच्या वडिलांच्या बाजूचा कुलवृत्तांत घरात आहे, जाडजूड, सोनेरी अक्षरांचा. त्यात तिच्या कामाचं अक्षर नव्हतं. सावत्र भावंड कुणाच्या पोटचं हे तिथल्या डॉक्टरला विचारावंच लागतं. दुसऱ्या लग्नाची लाज वाटून उत्तर बदललं तर तपासणीच चुकते.

ह्यावर मामांनी दुसऱ्या कपाटातून एक जुनी फाइल काढली. मागच्या आवृत्तीच्या वेळी आलेली पत्रं. नावं झाकून त्यांनी दोन-तीन वाचून दाखवली. पहिल्या लग्नाचा उल्लेख कृपया करू नये. मुलीचं जमवायचं आहे. मुलाला अजून सांगितलेलं नाही. एकीनं फक्त लिहिलं होतं की त्या माणसाचं नाव माझ्या नावाशेजारी छापलंत तर मी पुस्तक जाळीन.

मामा : बोल आता. हे पुस्तक कुळातल्या प्रत्येक घरी जातं. लोक ह्यात स्थळं बघतात, अजूनही. मारहाणीतून सुटून आलेल्या बाईच्या मागे तू तो माणूस पुठ्ठ्याच्या बांधणीत कायमचा लावणार? मला जुनाट म्हण, पण गाळलं ते मी बायकांच्याच सांगण्यावरून गाळलं.

भाची बराच वेळ पत्रं चाळत राहिली. तिला ह्याचं उत्तर चटकन सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मग तिनं फाइलीतला छापील अर्ज उपसला. कुलवृत्तांतासाठी माहिती मागवायचा अर्ज. वरती ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’. खाली भार्या, भार्येचे माहेर, पुत्र, कन्या, व्यवसाय. सही कुटुंबप्रमुखाची.

भाची : हा कुणी भरला?

मामा : ज्याच्या त्याच्या घरच्या कर्त्यानं.

भाची : म्हणजे पुरुषांनी. ज्यांनी पहिल्या बायकोशी फारकत घेतली, त्यांनी तिचं नाव स्वतःच गाळलं. मेलेली पहिली बायको लिहिली, जिवंत असलेली गाळली. तिला कुणी विचारलं? ह्या फाइलीत गाळा म्हणणाऱ्यांची पत्रं आहेत. लिहा म्हणणाऱ्यांना अर्जच गेला नाही, त्यांचं पत्र येणार कुठून?

मामांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. तो त्यांनीच तयार केलेला.

इथे मला माझी बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. नोंद करणं एक आणि छापणं दुसरं. संपादकाच्या वहीत सगळं असावं. दोन्ही लग्नं, तिन्ही असली तर तिन्ही, मुलं कुणाची, आडनाव कधी बदललं. छापायचं काय, हे हयात असलेल्या बाईनं सांगावं, तिच्या भावानं किंवा नवऱ्यानं नव्हे. गेलेल्यांना विचारता येत नाही. तिथे कागद सांगेल ते छापावं. हे मी बोललो, तर दोघंही माझ्यावर उलटली.

मामा : आणि त्या पहिल्या नवऱ्याचं काय? तोही हयात असेल. त्याचीही संमती घ्यायची? तो दुसऱ्या कुळातला, त्यांच्या पुस्तकाचा संपादक माझ्या ओळखीचा. मी त्याला काय पत्र लिहू?

भाची : आणि वही कुणाच्या ताब्यात? मामानंतर कुणाच्या? छापलं की ते सगळ्यांचं होतं, वही माळ्यावर जाते. मला वहीत नको.

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पुन्हा ऱ्हस्वदीर्घाकडे वळलो.

मामा : सरकारनंही केलंच की. १ मे २०२४ ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आधी आईचं नाव, मग बापाचं. आपण मागे राहिलो असं नको.

भाची : मुलाच्या नावात. लग्न झालेल्या बाईच्या नावात अजून नवऱ्याचंच. आणि आई दुसऱ्यांदा लग्न करते तेव्हा शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव कुणाचं, ह्यावर मी आठवड्याला एक तरी अर्ज लिहिते. ते सोड. मावशीला फोन लाव.

मामा : मी? आमचं गेली कित्येक वर्षं फक्त लग्नमुंजीत बोलणं होतं.

भाची : तूच. तू संपादक आहेस.

फोन लागला. स्पीकरवर ठेवला, कारण मामांना नीट ऐकू येत नाही. दादरहून मावशींचा आवाज आला, खणखणीत. मामांनी घसा खाकरून, फार वळसे घेऊन प्रश्न विचारला.

मावशी : लिही की. त्यात काय एवढं? माझी दोन लग्नं झाली हे हिंदू कॉलनीतल्या दूधवाल्यालाही माहीत होतं.

मामा : साल लागेल. लग्नाचं आणि... दुसऱ्या गोष्टीचं.

मावशी : लग्नाचं लिही. घटस्फोटाचं लिहू नकोस. नऊ वर्षं केस चालली, त्यातलं कुठलं साल लिहिणार? तेव्हा संमतीनं मिळत नव्हता, ती सोय शहात्तरला झाली. कुणाचा तरी दोष सिद्ध करायचा. सिटी सिव्हिलच्या जिन्यावर माझं तारुण्य गेलं, ते तुझ्या एका ओळीत मावायचं नाही.

मामा : आणि मुलगा? तो पहिल्याचा, आडनाव दुसऱ्यांचं लावतो.

मावशी : त्याला विचार, पन्नाशी उलटलीय त्याची. आणि हे बघ, माझं बीएस्सी मागच्या वेळी गाळलं होतंस. माझ्या दोन्ही नवऱ्यांना डिग्री नव्हती. तेवढं लिही.

फोन ठेवल्यावर मामांनी मुद्रितात फुली मारून बाजूला लिहायला घेतलं. लग्नाचं साल लिहिलं, घटस्फोटाची जागा मोकळी सोडली, बीएस्सी लिहिलं. मुलापाशी अडले.

मामा : ह्याला क्रमांक कुठला देऊ? मुलींच्या मुलांना आमच्या पद्धतीत क्रमांकच नाही.

भाची : मलाही नाही. मी तुझ्या पुस्तकात माझ्या आईच्या ओळीत ‘कन्या १’ आहे, नावाशिवाय.

मामा : मुलींच्या मुलांना क्रमांक दिले तर पुस्तक दुप्पट होईल. कागदाचा भाव माहीत आहे का तुला?

भाची : सांग. निम्मा आम्ही बायका देतो. पण मग मुखपृष्ठावर संपादक दोन.

मामांनी कागदाचा भाव सांगितला. मग रिमांवरून आणि जीएसटीवरून दोघांची पुन्हा जुंपली. ते पान मी अजून छपाईला सोडलेलं नाही.